तीन वाजता लाइट येईपर्यंत

बल्बच्या होल्डरच्या आत दोन स्क्रू होते – पितळी, ज्वारीच्या दाण्याहून जरासे मोठे – आणि त्या दोघांच्या मधे काळ्या प्लास्टिकची एक भिंत, नखाएवढी. पंचफुला मघापासून त्या भिंतीकडेच बघत होती. एवढीशी तर भिंत… एकीकडून येणार, दुसरीकडून जाणार, आणि दोघांची गाठ पडू नये म्हणून मधे ही. गाठ पडली तर काय होतं ते शिकवायला आलेल्या देवीलालभाऊंनी सकाळीच सांगितलं होतं, पण तेव्हा तिनं मान वळवून खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहिलं होतं आणि कान मिटून घेतले होते. कान मिटता येतात. चौदा वर्षांत ही विद्या तिला साधली होती. कुणी तार म्हटलं, खांब म्हटलं, करंट म्हटलं, की तिच्या आत एक दार आपोआप लागायचं आणि बोलणाऱ्याचे फक्त ओठ हलताना दिसायचे.

“होल्डर चावत नाही वो,” शेजारी बसलेली तुळसाबाई हळूच म्हणाली. “लाइटच नाही तर चावन कायचं?”

लाइट नव्हती हे खरं. कळंबात त्या दिवसांत सकाळी नऊला जायची ती तीनला यायची, आणि संस्थेच्या पायलनं शिबिराची वेळ त्यावरूनच ठरवली होती. जोडायचं ते सगळं भारनियमनात जोडायचं, म्हणजे कुणाला भेव नाही. आणि तीनला लाइट आली की एकेकीनं आपापला दिवा पेटवून पाहायचा. समाजमंदिराच्या सतरंजीवर चौदा बाया बसल्या होत्या. एरवी पौषात यातली एकही दुपारी सावलीला सापडली नसती. कापसाचा तिसरा वेचा चालू असायचा, वेचलेला कापूस भरायचा ओटा पाठीला बांधून. पण त्या वर्षी दुसऱ्या वेच्यालाच पऱ्हाट्या लाल पडल्या होत्या, बोंडं फुटली ती नुसती कवडी, डागी कापूस निघाला, आणि मजूर बायांना कुणी बोलवायलाच आलं नाही. म्हणून मग ही शिबिरं. घरातल्या मोडक्यातोडक्या वस्तूंचे दिवे करायचे, यवतमाळच्या प्रदर्शनात ठेवायचे. तुळसाबाईनं दुधाची चेपलेली पत्र्याची बरणी आणली होती. लालीबाईनं तांड्यावरून पितळेचा फुटका लोटा आणला होता, तिच्या आजीचा. पायलनं सांगितलंच होतं तसं – जिच्यात काही आठवण आहे अशी वस्तू आणा, मावशी, म्हणजे दिव्याला गोष्ट येते.

पंचफुलानं गहू चाळायची चाळणी आणली होती. पत्र्याची, गोल भोकांची, मागच्याच वर्षी बाजारातून घेतलेली, काठ निसटलेली. मुद्दाम. घरात दुसरं खूप होतं, पण आठवण असलेल्या वस्तूत तार घालायची… नाही. या चाळणीत काहीच नव्हतं. गव्हाचा कोंडा सोडला तर काहीच नाही.

खरं तर ती आलीच नसती. तुळसाबाईनं नाव लिहून टाकलं होतं, न विचारता. त्याचं कारण असं, की वैशाखात ममताचं लग्न झालं, पोरगी पुसदला गेली, आणि तेव्हापासून पंचफुलाच्या घरात दिवेलागणीला दिवा लागेनासा झाला. बटण ममताच दाबायची – सहा वर्षांची होती तेव्हापासून, पाटावर उभी राहून. आईनं कधी बटणाला हात लावला नाही हे तिला इतकं सवयीचं झालं होतं, की सासरी जाताना ती सगळं सांगून गेली – गॅसचं, औषधाचं, रेशनचं – आणि हे सांगायचं राहून गेलं. पहिल्या संध्याकाळी पंचफुला बटणासमोर उभी राहिली. पांढरं, साधं, मधे बोटांचा डाग पडलेलं बटण. ममताच्या बोटांचा. तिनं हात उचलला आणि तिला वाटलं, की भिंतीच्या आत, प्लास्टरच्या मागे, कुणीतरी श्वास धरून उभं आहे. ते तिला ओळखतं. ते चौदा वर्षं तिचीच वाट बघतंय… मग तिनं कंदील काढला. संध्याकाळच्या भारनियमनाचा तिला आधारच वाटायचा. तेवढा वेळ अख्खी गल्ली तिच्यासारखीच असायची. पण लाइट यायची, घरोघरच्या खिडक्या पिवळ्या व्हायच्या, पोरं ओरडायची, आणि तिच्या घराची खिडकी तेवढी काळी राहायची. तुळसाबाईच्या ते ध्यानात आलं. चार दिवस ती रोज काहीतरी निमित्त काढून यायची आणि जाता जाता बटण दाबून जायची. पाचव्या दिवशी म्हणाली, “मी मेली म्हंजे काय करशीन वो तू?”

“बायाहो, इकडं पाहा,” देवीलालभाऊ म्हणाले.

साठीच्या अलीकडचा माणूस, उंच, खांदे पुढे झुकलेले. जन्मभर लाइनीवर काम केलेलं. आता पुसदकडे छोटं दुकान. पायलच्या संस्थेनं जोडणी शिकवायला बोलावलं होतं. त्यांच्या हातात टेस्टर होता.

“लाइट गेली म्हंजे तार मेली असं समजू नोका. हे पहिलं. दिवा बनवा, नाही बनवा, पण हे घरी घेऊन जा. लाइट नसली तरी हात लावायच्या आधी टेस्टर लावाचा. दर खेपी. काहून, सांगू?”

दार लागायला हवं होतं. पंचफुलानं खिडकीकडे पाहिलं. कडुनिंबावर ऊन होतं. पण हाताशी होल्डर होता, त्यातला स्क्रू अर्धा सैल करून ठेवलेला, तो पडून हरवेल म्हणून तिला बोट त्यावर धरून ठेवावं लागत होतं, आणि बोट तिथे असताना मन खिडकीतून बाहेर जाईना.

“आपल्याकडची लाइट गेली, पण शेजारच्यानं जनरेटर लावला. लावला तर लावला, पण मेन बंद नाही केला. मंग त्याचा करंट घरातून उलटा बाहेर येते, तारेवर. आपण समजतो तार मेली. तार जित्ती असते.” त्यांनी टेस्टर या हातातून त्या हातात घेतला. “माह्यासोबतचा माणूस गेला असा. वणीकडं, राजूरच्या अलीकडं. चौऱ्याण्णव साली, याच दिवसांत. लाइन बंद करून घेतली होती आम्ही, कागद होता तसा. तो वर चढला. शिडी म्या धरली होती. समोर कापसाची जिनिंग होती, तिथं काम थांबून राह्यलं म्हणून कोणीतरी जनरेटर चालू केला…”

कुणीतरी ‘अगं माय’ म्हणालं. पायलनं वहीत लिहिता लिहिता मान वर केली.

पंचफुलाचं बोट स्क्रूवर होतं. स्क्रू थंड होता. राजूरच्या अलीकडं… चौऱ्याण्णव… शिडी. शब्द एकेक करून आत येत होते आणि आत आल्यावर कुठे बसावं हे त्यांना कळत नव्हतं, कारण तिथली जागा आधीच दुसऱ्या शब्दांनी भरलेली होती. पेऊन चढला. हे दोन शब्द. ठेकेदाराच्या माणसानं वणीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलेले, मग दिरानं, मग गावानं, मग कागदानं. पेऊन चढला म्हणून भरपाईचं मिळायचं ते काही मिळालं नाही, पण त्याचं तिला दुःख नव्हतं. तिचं दुःख निराळं होतं आणि ते तिनं कुणापाशी काढलं नव्हतं, भावापाशी नाही, ममतापाशी तर नाहीच. तेव्हा बिऱ्हाड वणीलाच होतं. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी तिचा नवरा धर्मपाल पिऊन आला होता. सकाळी ती बोलली. खूप बोलली. तो डबा घेऊन सायकलला टांग मारत होता तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, आज पेऊन आले तर ह्या घराची पायरी चढू नोका. तो तसाच गेला. आणि मग त्यानं रागानं घेतली असणार, सकाळीच, माझ्यामुळं, आणि मग चढला… आणि पायरी तो चढला नाहीच. दवाखान्यातून परस्पर नेलं त्याला. दीर म्हणाला, घरी न्यायच्या स्थितीत नाही, वहिनी. म्या सांगतलं तसंच झालं. मी म्हटलं, चढू नका, आणि माझा माणूस घरी आला नाही.

“मोठा गमतीचा माणूस होता,” देवीलालभाऊ म्हणत होते. त्यांचा आवाज आता शिकवण्याचा राहिला नव्हता. ते टेस्टरकडे बघून बोलत होते. “त्या रोजची गोष्ट. अकरा वाजता जेवाले बसलो आम्ही, बाभळीखाली. त्यानं डबा उघडला, एक घास खाल्ला अन् हासाले लागला. म्हणे देवीलाल, चाखून पाह्य. म्या चाखलं. भाजीत मीठच नव्हतं. म्हणे, आमची बाई रागावली म्हंजे मीठ विसरते. आज लय रागावली हाये, पाह्य, एक कण नाही. मी जिनिंगच्या चौकीदाराकडून मीठ मागून आणाले गेलतो. हासतच होता तो. म्हणे दम भरला बावा मले आज, आज काही घेत नाही, उद्याचं उद्या पाहू.”

बाया हसल्या. लालीबाई मोठ्यानं हसली.

मीठ.

त्या दिवशी दुपारी, एकच्या सुमाराला, ममताला जेवू घालून झाल्यावर, पंचफुलानं स्वतःचं ताट वाढून घेतलं होतं. वांग्याची भाजी. पहिला घास घेतला आणि थांबली. अगं बाई, मीठ… त्यांच्या डब्यात पण अशीच गेली. तिला हसू आलं होतं, वाईटही वाटलं होतं. संध्याकाळी आल्यावर काय म्हणतील… वरून मीठ घालून तिनं दुसरा घास कालवला, आणि तेवढ्यात सायकलवर कुणीतरी आलं. नंतरच्या चौदा वर्षांत तिला सगळं आठवत राहिलं होतं – दवाखान्याचा व्हरांडा, ठेकेदाराच्या माणसाचे पांढरे बूट, दिराचा खोकला – पण हा घास नव्हता आठवला. तो कुठे गेला होता? हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तिला आणि… त्याला. आणि आता या उंच, वाकलेल्या माणसाला.

म्हणजे त्यानं डबा खाल्ला. फेकला नाही. हसला. तो हसला होता. ती वर्षानुवर्षं त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न करायची तेव्हा सायकलवर बसताना वळलेली पाठच दिसायची, निळ्या शर्टाची. आता त्या पाठीला चेहरा येऊ लागला होता, आणि तोंडात घास होता, आणि मिशीला भाकरीचा कण…

“भाऊ,” ती म्हणाली. आवाज कुणा दुसऱ्याचा असावा असा आला. “ते पेले होते म्हणतात.”

देवीलालभाऊंनी मान वर केली. ते स्वतः इतका वेळ त्या माणसाला ‘तो’ म्हणत होते. चौदा जणींपैकी एक बाई ‘ते’ म्हणाली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं – कपाळाकडे, हातांकडे, पुन्हा तोंडाकडे – आणि त्यांच्या हातातला टेस्टर हळूहळू खाली आला.

“नाही,” ते म्हणाले. “एक थेंबही नाही. मी समोर होतो.”

मग तुळसाबाईनं पंचफुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून दिला. पायलला काय झालं ते कळलं की नाही कोण जाणे, पण तिनं वही मिटली आणि म्हणाली, “चला, चहा घेऊ आधी.”

बाया उठल्या. पंचफुला उठली नाही. तिला वाटलं, आता रडू येईल. ती वाट बघत राहिली. रडू आलं नाही. त्याऐवजी पोटात कुठेतरी एक गाठ, जिला ती स्वतःच्या शरीराचाच भाग समजत आली होती, कंबरेसारखी, मानेसारखी – ती सुटायला लागली, आणि ते इतकं सावकाश होतं, की तिला हलायची भीती वाटली. हललं तर पुन्हा आवळेल. तिनं श्वास घेतला. पूर्ण आत गेला. असा श्वास…

देवीलालभाऊ चहाचे दोन कप घेऊन आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. एक कप तिच्यापुढे सरकवला.

“तुमाले पाह्यलं होतं मी दवाखान्यात,” ते म्हणाले. “पदर होता तोंडावर. ओळखलं नाही.”

“किती भाकरी खाल्ल्या त्यायनं?”

ते गोंधळले. “दोन. दोन खाल्ल्या. अर्धी मले दिली.”

तिनं मान हलवली. अडीच दिल्या होत्या.

“बाई,” ते म्हणाले, “त्या कागदावर माही सही हाये. पेऊन होता म्हणून. ठेकेदारानं लिहिला, म्या सही केली.” आणि मग, तिनं काही विचारलं नसताना, “न वाचता नाही केली. वाचून केली. जिनिंगवाला अन् ठेकेदार एक झाले होते. माहं काम गेलं असतं. लेकरं लहान होती माही.”

आता राग यायला हवा होता. तो आलाही – तिला वाटलं, हा गरम कप याच्या तोंडावर… चौदा वर्षं! या माणसानं एक सही केली आणि माझी पोरगी दारुड्याची पोरगी म्हणून वाढली, लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांनी विचारलं, आणि मी मान खाली घातली. पण त्या रागाच्या खालून दुसरं काहीतरी सारखं वर येत होतं, हलकं, आणि ते रागाला स्थिर राहू देत नव्हतं. तो पिऊन नव्हता. माझ्या बोलण्यानं तो मेला नाही. माझं बोलणं तर त्यानं भाकरीसोबत खाल्लं, मीठ लावून, आणि हसला. हा समोर बसलेला माणूस गुन्हेगार होता, आणि तिच्यासाठी ही बातमी घेऊन आलेलाही तोच होता, आणि या दोघांना वेगळं करणारी भिंत तिला कुठे सापडत नव्हती.

“माफी मागाले तोंड नाही मले,” देवीलालभाऊ म्हणाले.

“त्याचं मंग पाहू,” पंचफुला म्हणाली. तिनं होल्डर पुढे केला. “हा स्क्रू घट्ट होऊन नाही राह्यला.”

त्यांनी होल्डर घेतला नाही. फक्त दाखवलं. तार स्क्रूभोवती उजवीकडून गुंडाळायची, स्क्रू ज्या बाजूनं आवळतो त्या बाजूनं. उलटी गुंडाळली तर आवळताना निसटते. तिनं तार सोडवली, तांब्याचे बारीक केस पुन्हा पिळले, उजवीकडून घातले. पेचकस फिरवला. स्क्रू बसला. दुसराही बसला. मग चाळणीच्या मधे पायलनं पाडून दिलेल्या भोकातून होल्डर ओवला, झाकण लावलं, आणि हे सगळं करताना तिच्या हाताला घाम आला नव्हता हे तिच्या लक्षात आलं ते सगळं झाल्यावर.

तीनला पाच मिनिटं कमी असताना पंखा फिरायला लागला. बाया ओरडल्या. एकेकीचा दिवा लावून पाहणं सुरू झालं. लालीबाईचा लोटा लागला, तुळसाबाईची बरणी लागली नाही, पुन्हा उघडली, मग लागली. पंचफुलाची पाळी आली तेव्हा पायल पुढे झाली, “मी दाबते, मावशी.” कुणीतरी तिला सांगितलं असणार.

“थांब,” पंचफुला म्हणाली.

भीती होती. गेली नव्हती. भिंतीच्या आत ते होतंच, तसंच, श्वास धरून… पण आज पहिल्यांदा तिला वाटलं, की ते तिची वाट बघत नाहीये. ते कुणाचीच वाट बघत नाही. त्याला ती ओळखूच येत नाही, तिनं त्या सकाळी काय म्हटलं होतं ते ठाऊकच नाही. कुणी मेन बंद केला नाही तर येतं, केला तर येत नाही, बस्स, एवढंच त्याचं. एवढं साधं? तिनं देवीलालभाऊंच्या हातातून टेस्टर मागून घेतला, त्यांनी दाखवलं तसा आधी चाळणीच्या पत्र्याला लावला, टेस्टरमधला दिवा लागला नाही ना ते पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग बटण दाबलं. चाळणीतून प्रकाशाचे ठिपके छतावर, भिंतीवर, बायांच्या तोंडांवर पडले. लालीबाईच्या नाकावर एक पडला आणि सगळ्या हसल्या. पंचफुलानं बटण बंद केलं. पुन्हा दाबलं. पुन्हा बंद केलं.

“बस्स कर वो, बल्ब जाईन,” तुळसाबाई म्हणाली.

चारच्या सुमाराला दोघी घराकडे निघाल्या. चाळणी उद्यासाठी तिथेच ठेवली होती. उद्या रंग द्यायचा होता. उद्या देवीलालभाऊ पण असणार होते. त्यांच्याशी बोलेन की नाही, बोलले तर काय बोलेन, त्यांना घेऊन ममताकडे जाईन का, की त्यांनी स्वतः ममतासमोर बसून सांगावं असं म्हणेन… तिला माहीत नव्हतं. माहीत नसणं तिला आत्ता जड वाटत नव्हतं. रस्त्यात एक बैलगाडी पऱ्हाट्यांचं जळण घेऊन चालली होती. तुळसाबाई संक्रांतीच्या तिळाचं काहीतरी सांगत होती. आणि पंचफुलाच्या डोक्यात, कुठूनसं, कुणी न बोलावता, एक चिडचिड सुरू झाली होती.

काय गरज होती? मीठ नव्हतं तर नव्हतं. गुपचूप खायचं. त्या देवीलालला चाखायला लावायचं काय कारण? आमची बाई रागावली म्हणजे मीठ विसरते म्हणे! कधी विसरले होते त्याआधी? एकदा, फक्त एकदा, ममता पोटात होती तेव्हा. अन् तेवढं धरून ठेवलं यायनं, अन् बाभळीखाली बसून साऱ्या दुनियेले… चारचौघांत घरातलं सांगायची ही कोणती रीत? आज चौदा बायांत हसं झालं माझं, तुमच्यापायी. आणि उद्याचं उद्या पाहू म्हणे. उद्याचं काय पाहणार होते? तेही मला ठाऊक आहे, काय पाहणार होते ते…

“काय वो, कोणाशी भांडून राह्यली?” तुळसाबाईनं विचारलं.

पंचफुला चालता चालता थांबली. तिचे ओठ हलत होते हे तिला कळलं नव्हतं. इतकी वर्षं ती त्याच्याशी रोज बोलायची, पण नेहमी हात जोडून, खालच्या आवाजात, त्याच्या वळलेल्या पाठीशी. भांडली नव्हती. मेल्या माणसाशी कुणी भांडतं का? आणि आत्ता तो समोर होता, तोंड करून, मिशीत हसत, आणि तिला त्याचा इतका राग आला होता, इतका साधा, रोजचा, भाजी-भाकरीचा राग, की त्या रागानं तिला भूक लागली होती.

“कोणाशीच नाही,” ती म्हणाली, आणि पाऊल उचलता उचलता मनातलं भांडण जिथे तुटलं होतं तिथून तिनं पुन्हा धरलं.